चार चमचे, अर्धा तास

वजन कमी करायचं ऑपरेशन करून घ्यावं की नाही, हे मी सांगणार नाही. त्यासाठी डॉक्टर आहेत, आणि डॉक्टरांपेक्षा ठामपणे सांगणारे नातेवाईक आहेत. मी लिहितोय ते ऑपरेशन होऊन घरी आलेल्यांसाठी. ज्यांच्यापुढे एक छोटी ताटली ठेवलेली आहे आणि घरातलं कोणीतरी स्वयंपाकघरातून कान देऊन आहे, त्यांच्यासाठी. त्या ताटलीपाशी मी चार महिने काय मूर्खपणा केला ते सगळं सांगतो.

मी सत्तेचाळीस वर्षांचा. हैदराबादेत बरकतपुऱ्यात राहतो, आबिड्सला एका विमा कार्यालयात नोकरी करतो. आजोबा बीदरकडचं गाव आणि शेती सोडून इथं आले, तेव्हापासून आम्ही इथलेच. घरी बायको सुलभा, तिचं माहेर नांदेडचं, आणि कॉलेजात जाणारी मुलगी ऋता. ऑपरेशनच्या आधी माझं वजन एकशे चौतीस किलो होतं. हा आकडा लिहायला आजही लाज वाटते, म्हणून मुद्दाम लिहिला.

खाणारा माणूस

प्रत्येक गोतावळ्यात एक खाणारा माणूस असतो. आमच्यात तो मी. सुलभाला बघायला गेलो तेव्हा तिच्या आईनं धपाटे केले होते. मी नऊ खाल्ले आणि दह्याची वाटी पुन्हा मागितली. मुलीला मुलगा पसंत आहे का हे कोणी विचारलंच नाही, सासूबाईंना तो पसंत पडला होता. ऑफिसात दुपारी एकला आठ डबे उघडायचे आणि आठही डब्यांतलं काहीतरी माझ्याकडे सरकायचं. “पाटील साब, ये खट्टी दाल देखो.” “पाटील साब, बगारे बैंगन तुम्हारे वास्तेच लाया.” लोक मला हाक मारायचे ती माझ्या खाण्यासाठी, आणि मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. माझ्यात दुसरं सांगण्यासारखं होतं तरी काय?

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरात पानात टाकायचं नाही. वडील जेवण झालं की ताटात पाणी घालायचे, ताट धुवायचे आणि ते पाणी पिऊन टाकायचे. आमच्या ताटात शितं दिसली तर हात उगारायचे नाहीत, पण ताटाकडे असं बघायचे की मार परवडला असता. वडील जाऊन दहा वर्षं झाली. मी मात्र चाटूनपुसूनच उठत आलो.

मग साखर आली, गुडघे आले, झोपेत श्वास अडकायला लागला. एका सकाळी बुटाची लेस बांधायला वाकलो आणि वर येता येईना. सुलभानं लेस बांधली आणि आत गेली. त्याच आठवड्यात आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळे कागद पाहिले आणि शांतपणे सांगितलं की आता नुसत्या पथ्यानं होण्यासारखं राहिलेलं नाही, पोटाचा मोठा भाग काढून लहानशी पिशवी ठेवावी लागेल. मी विचारलं, “छोटी मतलब कितनी?” त्यांनी हवेत एका केळ्याएवढा आकार काढून दाखवला. मी त्या आकाराकडे बघत राहिलो. आयुष्यभर जे एक काम मला उत्तम जमत होतं, ते आता त्या केळ्यात मावायचं होतं.

बाहेर आम्ही हर्निया सांगितलं. ऑफिसात हर्निया, सासरी हर्निया, शेजारी हर्निया. तोंड आवरता आलं नाही म्हणून पोट कापून घेतलं, असं कोणी म्हणायला नको होतं. तेव्हा हा फार हुशारीचा निर्णय वाटला.

पंधरा मिनिटांनी एक घोट

ऑपरेशनचं फारसं सांगण्यासारखं नाही. भूल देतात, माणूस झोपतो, उठतो तेव्हा सगळं झालेलं असतं. दवाखान्यातले दिवस आठवतात ते औषधाच्या झाकणाएवढ्या एका कपामुळे. त्यात पाणी, आणि ते दर पंधरा मिनिटांनी थोडं थोडं प्यायचं. नर्स येऊन म्हणायची, “सिप सिप, सर. गटागटा नक्को.” घड्याळाकडे बघत मी पाणी प्यायचो. इतकी तहान मला उभ्या जन्मात लागली नव्हती. रात्रपाळीची नर्स ओठांवर ओला कापूस फिरवून जायची, तेवढ्यानं डोळ्यांत पाणी यायचं.

घरी सोडायच्या दिवशी आहारतज्ज्ञ आल्या. लावण्या मॅडम, वय असेल अठ्ठावीस-तीस, तेलुगू, पण बोलणं अस्सल हैदराबादी. त्यांनी आहाराचा महिनावार तक्ता दिला आणि नियम सांगितले. आधी पातळ, मग मऊ, मग घट्ट. आधी डाळ, दही, अंडं, पनीर, आणि जागा उरली तर भात. अर्धा तास लावून जेवायचं, जेवताना पाणी नाही, टीव्ही नाही. आणि पोटानं बस म्हटलं की तिथंच थांबायचं. हे शेवटचं त्या दोनदा म्हणाल्या.

मग त्यांनी एक वही काढली. काय खाल्लं, किती खाल्लं, जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेतल्या का, उलटी झाली का, सगळं रोज लिहायचं. मी हात पुढे केला. त्यांनी वही सुलभाच्या हातात दिली.

“अम्मा, आप लिखना. सर लोगां झूठ लिखते.”

सुलभा खुदकन हसली. किती दिवसांनी हसत होती! मीही हसलो.

ताटली

ऋता लहान असताना जेवायची ती स्टीलची ताटली सुलभानं माळ्यावरून काढली. पहिला महिना चार चमचे मुगाचं वरण, घोटून पातळ केलेलं. सोबत ऋताचाच छोटा चमचा.

आमच्याकडे रात्रीचं जेवण म्हणजे कल्लोळ असायचा. सुलभा बोलणार, ऋता तिला चिडवणार, मी दोघींच्या ताटातलं उचलणार. ऑपरेशननंतर त्या दोघींनी ठरवलं की माझ्यासमोर खायचं नाही. मला मोह होईल, त्रास होईल. मी साडेसातला घरी यायचो तोवर घरात फोडणीचा वासही नसायचा. “आम्ही जेवलाव,” सुलभा सांगायची आणि ताटली ठेवून आत जायची. ऋताच्या खोलीचं दार बंद.

चौघांचं टेबल, त्यावर मी, एक ताटली, एक चमचा आणि अर्धा तास. अर्धा तास किती मोठा असतो हे चार चमचे वरण घेऊन बसल्याशिवाय कळत नाही. समोरच्या भिंतीवरच्या रंगाच्या पोपड्यांत मला एक घोडा, एक म्हातारा आणि बराचसा आंध्र प्रदेशाचा नकाशा सापडला. बोलायला कोणी नव्हतं. आतून भांड्याचा आवाज थांबला की कळायचं, सुलभा कान देऊन आहे.

ऑफिसातही तसंच. डब्याच्या वेळी बसलो असतो तर आठ जणांनी आठ चमचे पुढे केले असते. हर्नियाच्या माणसानं तीन महिन्यांनीही वांगं का खाऊ नये, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. एक वाजला की मी काम सांगून खाली उतरायचो आणि मोठ्या पोस्टापर्यंत जाऊन परत यायचो. पहिले काही दिवस कोणीतरी विचारलं. नंतर माझी खुर्ची भिंतीला लावून ठेवली गेली. माणसं वाईट नव्हती, त्यांना जागा हवी होती.

वजन मात्र उतरत होतं. “क्या पाटील साब, हीरो दिखरे!” लोक म्हणायचे. आरशात एक सैल कातडीचा, कंगव्यात मूठभर केस सोडणारा माणूस दिसायचा. तो मला कधी हीरो वाटला नाही.

नळ

माझी चूक इथं सुरू झाली. दुसरा महिना उलटला, तक्त्याप्रमाणे ताटली वाढली. चार चमच्यांची अर्धी वाटी झाली, मऊ भाजी आली, भाकरीचा कुस्करा आला. सुलभा तक्ता अगदी परीक्षेसारखा पाळायची. माझं पोट मात्र तक्ता वाचत नव्हतं. पाचव्या-सहाव्या घासाला छातीखाली काहीतरी घट्ट व्हायचं, तोंडाला पाणी सुटायचं. ते ‘बस’ होतं. मला ते कळत होतं.

पण ताटलीत दोन घास उरलेले असायचे, आणि मी टाकणारा माणूस नव्हतो.

मी ते खायचो. मग उठायचो, न्हाणीघरात जायचो, नळ पूर्ण सोडायचो आणि सगळं बाहेर काढायचो. त्यासाठी काही करावं लागायचं नाही, ते आपोआपच यायचं. तोंड धुऊन बाहेर आलो की सुलभा रिकाम्या ताटलीकडे बघायची. तिचा चेहरा उजळायचा. वही काढून ती लिहायची: येसर आमटी अर्धी वाटी, पनीर, दही, सगळं संपवलं. शेवटचे दोन शब्द ती जरा मोठ्या अक्षरात लिहायची.

दिवसभरात तिच्या तोंडावर आनंद दिसण्याची ती एकच वेळ होती. बावीस वर्षं ती माझ्यासाठी रांधत आली. भांडण झालं की माझ्या आवडीची अंबाडीची भाजी करायची, तीच तिची समेटाची बोली. आता तिच्या हातचं माझ्या पोटात टिकत नाही, हे तिला कुठल्या तोंडानं सांगायचं? मला तिची दया येत होती, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती. ताटली रिकामी झाली नाही तर ती टेबलापाशी तेवढीही यायची नाही, अशी भीती.

पुढे गोळ्याही वर यायला लागल्या. मग त्या मी रुमालात ठेवून टाकून द्यायला लागलो. तिसऱ्या महिन्याची भेट ऑफिसचं निमित्त सांगून फोनवर उरकली. लावण्या मॅडमनी विचारलं, “उल्टी?” मी म्हटलं, “नहीं.” त्यांनी सुलभाला विचारलं. सुलभानं वही उघडून वाचून दाखवलं. खोटं लिहिणाऱ्या सर लोकांची सगळी लबाडी एका खऱ्या बाईच्या अक्षरात उतरली होती.

एक चप्पल

चौथ्या महिन्यात पायांना मुंग्या यायला लागल्या. मी बुटांना दोष दिला आणि चपला घालायला लागलो. जिन्यात कठडा धरावासा वाटायचा, वळताना झोक जायचा. वजन कमी झालं की असं होत असेल, असं मी माझं मलाच समजावलं.

त्या शनिवारी मी राहिलेली रक्ततपासणी द्यायला कोठीच्या बाजारभागात गेलो होतो. रक्त देऊन बसच्या थांब्याकडे चाललो होतो. गर्दी नेहमीची. पेरूच्या गाडीवाल्या बाईनं हाक मारली.

“ओ साब! एकीच चप्पल पैने क्या?”

मी खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती, डावा पाय अनवाणी. तळव्याच्या कडेला काच लागून रक्त येत होतं. मागे फरशीवर त्याचे ठिपके दिसत होते, दूरपर्यंत. मला चप्पल निसटल्याचं कळलं नव्हतं आणि काच लागल्याचंही कळलं नव्हतं.

ठिपक्यांच्या मागोमाग परत गेलो. चाळीसेक पावलांवर एका पुस्तकांच्या दुकानासमोर चप्पल होती, कोणीतरी उचलून पायरीवर ठेवलेली. मी त्याच पायरीवर बसलो. डाव्या अंगठ्याला चिमटा काढला, जोरात काढला. काही नाही. तो अंगठा दुसऱ्याच कोणाचा असावा, असं वाटलं.

कोणाला तरी सांगावं म्हणून फोन काढला. नावं वर-खाली केली. भाऊ होता, मेव्हणा होता, ऑफिसातले आठ जण होते, शाळेपासूनचा एक मित्र होता. त्या सगळ्यांना हर्निया माहीत होता. आधी ऑपरेशन सांगावं लागलं असतं, मग चार महिन्यांचं खोटं, मग उलट्या, आणि सगळ्यात शेवटी अंगठा. खरं माहीत असलेलं घराबाहेर कोणी नव्हतं, आणि घरात सुलभा होती, तिलाच तर सांगता येत नव्हतं. भर दुपारी कोठीच्या त्या गर्दीत, एक चप्पल हातात धरून मी रडलो. लोक पाय चुकवून जात होते. ऑपरेशनच्या दिवशीही मी इतका एकटा नव्हतो.

शेवटी लावण्या मॅडमना फोन केला. मुंग्या, झोक, अंगठा, सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “सर, उल्टी होरी?”

“हौ.”

“रोज?”

“रोज. दो महीने से.”

मग त्या म्हणाल्या, “ऑटो पकडो, अब्भी के अब्भी आओ. अम्मा को भी बुलाओ. बोलो कॉपी लेके आना.”

“उसको नक्को, मॅडम.”

“सर, कॉपी वोइच लिखे ना? उनकू आनाइच पडता.”

मोठी अक्षरं

सुलभा वही घेऊन आली. घाईत निघाली होती, केसांना चाप नव्हता. मी तपासणीच्या खाटेवर, पायाला पट्टी. डॉक्टर माझ्या तळव्यांवर कसलीशी काडी फिरवत होते आणि मी दर वेळी ‘आता कळलं’, ‘आता नाही’ असं सांगत होतो. ‘नाही’च जास्त होतं.

लावण्या मॅडमनी तिला खुर्ची दिली आणि सांगितलं की अंगात जीवनसत्त्वांचा, विशेषतः बी-वनचा मोठा तुटवडा झाल्यासारखा दिसतो. अन्न पोटात टिकत नसलं की असं होतं, आणि पायांच्या नसांना त्याचा मार बसतो.

“असं कसं होईल?” सुलभा मराठीतच बोलून गेली. वही उघडून तिनं पुढे सरकवली. “हे बघा की. रोज खाल्लंय त्यांनी. सगळं संपवलंय. मी स्वतः लिहिलंय.”

लावण्या मॅडमनी वहीकडे पाहिलंच नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. “सर, निजं चेप्पंडि,” त्या हळूच म्हणाल्या. खरं सांगा.

मी सांगितलं. खाटेवर पाय सोडून, खाली बघत, सगळं. दोन घास, नळ, रुमालातल्या गोळ्या. सुलभा वहीची पानं उलटत गेली. प्रत्येक पानावर तिचे ते दोन मोठे शब्द होते. मग तिनं वही मिटली आणि मांडीवर ठेवली.

“नळ मला ऐकू यायचा,” ती म्हणाली. “रोज यायचा. तुम्ही चूळ भरायलाव, असं मीच ठरवलं होतं. एवढा वेळ कोणी चूळ भरतंय का? पण विचारलं नाही मी.”



डॉक्टरांनी दुर्बीण घालून पोटात कुठं अडथळा नाही ना ते पाहिलं. अडथळा नव्हता, फक्त जास्तीचे घास होते. मला दाखल करून घेतलं, शिरेतून औषध सुरू केलं. पाय किती परत येतील, असं विचारल्यावर डॉक्टर म्हणाले की बरेचसे येतील, पण पूर्ण येतील असं वचन देणार नाही. आणखी दोन-तीन आठवडे काढले असते तर मी इथवर चालत आलो नसतो, हेही त्यांनी सांगून टाकलं.

ऋता

सुलभा दवाखान्यात रोज यायची, सगळं करायची आणि बोलायची नाही. लावण्या मॅडमनी वहीची पद्धत बदलली. ताटलीत दोनच चमचे वाढायचे, ते झाले की विचारून आणखी एक, आणि जे उरेल ते आधी लिहायचं. उरलेलं लिहिलं नसेल तर ते पान त्या वाचणार नव्हत्या. सुलभानं मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ऋता आली. माझ्या उशापाशी बसून बराच वेळ फोन चाळत राहिली. मग एकदम म्हणाली, “बाबा, एक बोलू? मम्मीवर गुस्सा नको हां.”

“मी कशाला रागावू? रागवायचं तर तिनं.”

“तुम्हाला वाटतं ना, आम्ही सात वाजता मस्त जेवून घेतो? मम्मी किचनमध्ये उभ्याउभ्याच खाते. ओट्याजवळ. दोन मिनिटात खतम. रात्रीचा भात असेल तर तोच, थंडाच. कधी कधी तर नुसतं ताक पिऊन टाकते.”

“आणि तू?”

“मी रूममध्ये. पार्सल मागवते, खिडकी उघडते, वास जायला.” तिनं मान खाली घातली. “आपल्या घरात चार महिन्यांत कुणीच नीट जेवलं नाही, बाबा.”

अर्धा तास टेबलापाशी बसून मी भिंतीवरचे पोपडे मोजत होतो, आणि भिंतीपलीकडे ती ओट्याशी उभी राहून गार भात गिळत होती. माझ्या एकटेपणाचा मी इतका लाड केला होता की तिचंही काही असेल हे डोक्यातच आलं नाही. मला स्वतःची चीड आली. ही चीड पायाच्या भीतीपेक्षा मोठी होती.

घरी

तुमच्यासाठी एवढंच सांगतो. रोज उलटी होत असेल, गोळ्या टिकत नसतील, पायांना मुंग्या येत असतील, तर पुढच्या भेटीची वाट बघू नका, त्याच दिवशी जा. आणि एका माणसाला तरी खरं ऑपरेशन सांगून ठेवा, असा माणूस जो तुमच्यासाठी स्वयंपाक करत नाही. मी अजून ऑफिसात सांगितलेलं नाही. धीर होत नाही. एक वाजता मी आजही पोस्टापर्यंत जाऊन येतो, फक्त आता पट्ट्याची सँडल घालून आणि खाली बघत. उजवा पाय जवळजवळ पूर्ण परत आला. डाव्या पायाची तीन बोटं अजून आलेली नाहीत.

दवाखान्यातून घरी आलो त्या दिवशी मी सुलभाला म्हटलं, “आज धपाटे कर.”

ती चमकून बघायला लागली. “तुम्हाला चालत नाहीत ते.”

“मला नको. तुझ्यासाठी आणि ऋतासाठी कर. आणि ताटं इथं आण.”

“तुमच्यासमोर कसं खाऊ मी?”

“खा. मला बघू दे.”

ती तयार होईना. उगं काहीतरी काढायलाव, म्हणाली. शेवटी ऋतानंच ताटं आणून मांडली. चार महिन्यांत पहिल्यांदा घरात लसूण-जिऱ्याचा खमंग वास सुटला. मोह झाला का? झाला. पोटाला नाही, डोळ्यांना झाला. पण त्याहून जास्त बरं वाटलं ते सुलभाला तुकडा मोडताना बघून. पहिले काही घास ती चोरटेपणानं खात होती. मग ऋतानं तिला कशावरून तरी चिडवलं, ती तोंडात घास असतानाच उलटून बोलली, आणि मग नीट खायला लागली. तिला भूक लागली होती. किती दिवसांची, ते तीच जाणे.

ऋताचं आटोपलं, ती तिचं ताट घेऊन उठली आणि अभ्यासाला गेली. सुलभाचंही झालं. माझ्या ताटलीत वरण आणि दही. तीन चमचे झाले, विचारून घेतलेला चौथाही निम्मा झाला, आणि छातीखाली ते घट्ट वाटलं. ताटलीत अर्धा घास उरला होता. चमचा तसाच हातात राहिला. खोटं सांगत नाही, त्या अर्ध्या घासाइतकं जड मी आयुष्यात काही उचललेलं नाही, आणि ते तर मला उचलायचंही नव्हतं.

मी चमचा खाली ठेवला. “बस,” म्हटलं. “आता नको.”

सुलभानं ताटलीकडे पाहिलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. 

“राहू द्या,” ती म्हणाली.

मी उठलो नाही. न्हाणीघरात जायचं कारण नव्हतं. तीही उठली नाही. तिच्या आईचं काय चाललंय, खालच्या मजल्यावर कोण राहायला आलंय, असं काहीबाही ती सांगत राहिली, आणि मी ऐकत राहिलो. अर्धा तास होऊन गेला. तिच्या बोटांना लागलेलं दही आणि चटणी सुकून पांढुरकी झाली होती.

“हात वाळला की गं तुझा,” मी म्हटलं. “धुऊन तरी ये.”

“वाळू द्या,” ती म्हणाली, आणि तशीच बसून राहिली.